झोपेतून उठलेला मुका संगणक

गेल्या वर्षी एका शाळेत ध्वनी हा विषय शिकवायला गेलो होतो. नादकाटा आणि बासरी यांचे ध्वनी मुलांना पाठोपाठ ऐकवायचे आणि दोन्हींचे तरंग पडद्यावर दाखवायचे, असा बेत होता. सकाळी सारे ठीक चालले. मधल्या सुट्टीत संगणक झोपी गेला आणि सुट्टीनंतर जागा झाला तो मुका होऊनच. पडद्यावर तरंग नाचत होते, स्पीकर मात्र गप्प. "स्पीकर गेले, सर," प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे तिसरे." आधीचे दोन संच निर्लेखनाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवले होते. त्यातला एक काढून मी मोबाइलला जोडला. खणखणीत वाजला!

म्हणजे दोष स्पीकरचा नव्हता. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण संगणकाच्या ध्वनीच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : आवाज किती ठेवायचा, हे लक्षात कोणी ठेवायचे?

जुन्या रेडिओला हा प्रश्न पडला नाही. आवाजाचे बटण फिरवून जिथे सोडले तिथेच राही, वीज गेली तरी. बटणाची जागा हीच त्याची स्मृती. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीला तर असे बटणही नव्हते. एक टायमर चिप छोट्या स्पीकरला स्पंद पुरवी आणि जो काय 'बीप' निघे तो ऐकून घ्यायचा. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे 'साउंड ब्लास्टर' कार्ड आले. त्याच्या मागच्या पट्टीवर आवाजाचे फिरते बटण होते. १९९१ च्या 'साउंड ब्लास्टर प्रो'मध्ये मात्र मिक्सरची चिप आली आणि आवाजाची पातळी हा एका रजिस्टरमधला आकडा झाला. सोय मोठी झाली, कारण आता आवाज आज्ञावलीतून कमीजास्त करता येऊ लागला. पण वीज गेली की तो आकडाही जाणार. म्हणून संगणक सुरू होताना तो कोणीतरी पुन्हा लिहायचा. डॉसच्या काळात हे काम बहुधा ऑटोएक्झेक फाइलमधल्या एखाद्या ओळीकडे असे.

मग कोणी काही लिहिले नाही तर चिपने काय करावे? इंटेलच्या 'एसी-९७' या मानकाने याचे उत्तर ठरवून टाकले. त्यातले मुख्य आवाजाचे रजिस्टर १६ बिटांचे. चिप नव्याने सुरू झाली की सर्वांत वरचा बिट १ आणि बाकीचे १५ बिट ०. वरचा बिट मुकेपणाचा. खालचे आकडे आवाज किती दाबायचा ते सांगतात, दर पायरीला १.५ डेसिबल, तिथे शून्य म्हणजे आवाज मुळीच दाबलेला नाही. गंमत पाहा, चिप जागी होते ती पूर्ण आवाजात, पण तोंडावर हात ठेवून! याच मानकाने 'बीप'ला मात्र वेगळी वाट दिली होती. चिप पूर्ण जागी होण्याआधीही तो बाहेर पडू शके, कारण संगणकात बिघाड असेल तर तो सांगायला दुसरे साधन नव्हते.

हा मुकेपणा उगाच नाही. ध्वनिवर्धकाच्या टोकाशी बहुधा एक धारित्र असते. वीज येताच ते विभारित होऊ लागते, त्या क्षणी प्रवाहाचा एक धक्का स्पीकरला बसतो आणि 'धप्प' असा आवाज येतो. कानाला हेडफोन असेल तर तो चांगलाच जाणवतो. तेव्हा विद्युतदाब स्थिर होईपर्यंत गप्प बसणे शहाणपणाचे, असे अभियंत्यांना वाटले आणि माझ्या मते ते बरोबरच होते.

लिनक्सवरच्या 'अल्सा' या ध्वनिप्रणालीने तोच बाणा घेतला. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ च्या सुमारास तिची उभारणी सुरू केली आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ मध्ये ती मूळ गाभ्याचा भाग होती. तेव्हा नव्याने बसवलेल्या अल्सात सगळ्या वाहिन्या मुक्या असत. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी कार्ड बिघडले असे समजून त्या काळी किती संध्याकाळी घालवल्या असतील! बंद होताना पातळ्या एका फाइलीत लिहायच्या आणि सुरू होताना परत वाचायच्या, ही व्यवस्था अल्साबरोबरच होती. पण ती वापरायची असते हे ठाऊक हवे ना.

झोपेने गुंतागुंत आणखी वाढवली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये 'एसीपीआय' हे मानक प्रसिद्ध केले. त्यातल्या 'एस-३' या झोपेत मुख्य स्मृतीला वीज मिळत राहते, बाकी बहुतेक भागांची तोडली जाते. म्हणजे कार्यप्रणालीला सारे आठवत असते, ध्वनीच्या चिपला काहीच नाही. जाग येताच ड्रायव्हरने प्रत्येक रजिस्टर पुन्हा भरायचे. एक जरी राहिले तरी पडद्यावरची पट्टी ८० टक्के आवाज दाखवते आणि चिप मुकीच. २००४ च्या 'एचडी ऑडिओ' मानकात बाहेरच्या ध्वनिवर्धकाला जागे करणारा एक वेगळा बिट आहे. तो लिहायचा राहिला तर हेडफोन वाजतो, पण लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर गप्प राहतात. प्रोजेक्टर एचडीएमआय तारेने जोडला असेल तर जागा झालेला संगणक आवाज तिकडेही पाठवून मोकळा होतो.

आम्हीही याच क्रमाने गेलो. आधी स्पीकर मोबाइलवर तपासला होताच. मग आवाज कोणत्या वाटेने जातो आहे ते पाहिले. वाट बरोबर होती. संगणक लिनक्सचा, म्हणून 'अल्सामिक्सर' उघडला. मुख्य वाहिनीखाली 'एमएम' ही मुकेपणाची खूण दिसत होती. बाईंनी आवाज आधी खाली आणला, मग 'एम'ची कळ दाबली, आणि बासरी सुरू झाली. हेही जमले नसते तर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला असता, म्हणजे ड्रायव्हरने सारी रजिस्टरे मुळापासून भरली असती.

तास संपल्यावर कपाटातला दुसरा संचही आम्ही लावून पाहिला. तो मात्र खरेच वाजला नाही. त्याची तार उंदराने कुरतडली होती.