‘सोबत’ या शब्दाची मजुरी

शब्दाचा इतिहास हा सहसा कोशकारांच्या अखत्यारीतला विषय मानला जातो. एखाद्या शब्दाने असंख्य माणसांची मजुरी ठरवली असे कोणी म्हटले, तर साहित्याच्या अभ्यासकालाही ती अतिशयोक्ती वाटेल. तथापि अमेरिकेच्या कामगार कायद्यात असा एक शब्द आहे. वृद्ध व अपंग माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालणे, कपडे घालणे, भरवणे, उठवून बसवणे, रात्री उशाशी जागणे, या कामाला त्या कायद्याने १९७४ साली ‘कंपॅनियनशिप’ असे नाव दिले. मराठीत सांगायचे तर ‘सोबत’. कथा परक्या देशाची आहे, परंतु ती आपल्या भाषेच्याही दारापर्यंत येते असे आम्हांला वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकन कामगाराला म्हातारपणीचे निवृत्तिवेतन दिले, मात्र शेतमजूर आणि घरकामगार यांना त्यातून वगळले. १९३८ च्या कायद्याने किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला यांची हमी दिली. पण ती मुख्यत्वे आंतरराज्य व्यापाराशी निगडित कामगारांपुरती होती. चार भिंतींआडचे घरकाम त्यात बसले नाही. या घरकामात कृष्णवर्णीय स्त्रियांचा भरणा मोठा होता, हे लक्षात घेतल्यावाचून या वगळण्याचा अर्थ पुरता कळत नाही.

त्याच दशकात मंदीने बेकार झालेल्या स्त्रियांना सरकारी रोजगार योजनेतून आजारी व वृद्ध माणसांच्या घरी मदतनीस म्हणून धाडले जात होते. आयलीन बोरिस आणि जेनिफर क्लाइन या इतिहासकारांनी ‘केअरिंग फॉर अमेरिका’ (२०१२) या ग्रंथात हा धागा उलगडला आहे. गरीब स्त्रीला काम मिळावे आणि रुग्णालयाचा खर्च वाचावा, अशा दोन गरजा सरकारने एकाच उपायाने भागवल्या. म्हणजे घरी जाऊन करायची ही देखभाल मायेपोटी उगवली आणि पुढे बाजारात गेली, असा क्रम नाही. निदान या धाग्यापुरते पाहिले, तर सार्वजनिक पैशातून दिलेली मजुरी तिच्या मुळाशीच होती.

१९७४ साली किमान वेतनाचा कायदा अखेर घरकामगारांना लागू झाला. हा मोठाच विजय होता. पण त्याच दुरुस्तीत दोन अपवाद घातले गेले. एक, अधूनमधून मुले सांभाळणाऱ्यांचा. दुसरा, वय वा दुर्बलता यांमुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्यांना ‘सोबत’ देणाऱ्यांचा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेजारची मुलगी किंवा ओळखीची प्रौढ बाई असावी. असे लोक काही घर चालवणारे कमावते नसतात, असे समर्थन संसदीय समितीच्या अहवालात केलेले आढळते. पुढे १९७५ च्या नियमांनी या अपवादाचे क्षेत्र आणखी रुंदावले. घरोघर बायका पुरवणाऱ्या व्यावसायिक संस्थांच्या नोकरांनाही तो लागू झाला. जी दररोज बारा तास राबते, जिच्या पगारावर तिचे घर चालते, तीही कायद्याच्या दृष्टीने ‘सोबतीण’ ठरली.

या शब्दाची व्युत्पत्ती मोठी बोलकी आहे. ‘कंपॅनियन’ याचे मूळ लॅटिनमध्ये आहे: जो आपल्याबरोबर भाकरी खातो तो. आणि इंग्रजीत कमावत्या माणसाला जो शब्द आहे, त्याचा अर्थ भाकरी मिळवून आणणारा असा. कायद्याने जणू असे म्हटले, की ही बाई तुमच्यासह भाकरी खाणारी आहे, स्वतःच्या घरची भाकरी मिळवणारी नव्हे. एकाच भाकरीच्या दोन प्रतिमा, आणि त्यांच्या फटीत एका कामगारवर्गाचा हक्क हरवला.

ही फट न्यायालयात उघडी करणाऱ्या स्त्रीचे नाव एव्हलिन कोक. जमैकातून आलेल्या या बाईंनी न्यूयॉर्क परिसरात सुमारे वीस वर्षे हे काम केले. जादा तासांचा मोबदला मिळावा म्हणून त्यांनी २००२ साली आपल्या मालक संस्थेवर दावा लावला. ११ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. निकालपत्र न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांचे होते. हे काम श्रम आहे की सोबत, या प्रश्नात न्यायालय शिरले नाही. शब्दाचा तपशील ठरवण्याचे काम संसदेने कामगार खात्यावर सोपवले आहे आणि खात्याचा नियम वैध आहे, एवढेच त्याने सांगितले. २००९ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, कोक यांचे निधन झाले.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अपंगांच्या चळवळीने या कामाकडे वेगळ्याच दिशेने पाहिले. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर असलेले एड रॉबर्ट्स १९६२ साली बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले. १९७२ मध्ये तेथे ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे राहिले. आपल्याला कोणी रुग्ण म्हणू नये, मदतनीस कोण असावा, त्याने केव्हा यावे, काय करावे, हे आपण ठरवावे, असा या चळवळीचा आग्रह होता. येथे मदतनीस म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेचे हात. पण त्या हातांना पोट असते. पुढे वेतनाचे नियम बदलण्याची वेळ आली, तेव्हा खर्च वाढून आपल्या मदतीचे तास कापले जातील, अशी भीती अपंगांच्या काही संघटनांनीही व्यक्त केली. ती निराधार नव्हती. उपेक्षितांच्या दोन गटांपुढे एकच तुटपुंजी थाळी ठेवली की भांडण कोणाशी आहे, याचा विसर पडतो. याउलट फेब्रुवारी १९९९ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यातील सुमारे ७४,००० गृहसेवकांना मतदानाने संघटना मिळाली, त्या लढ्यात वृद्ध व अपंग हे कामगारांच्या बरोबरीने उभे होते.

२०१३ मध्ये कामगार खात्याने नियम बदलला. ‘सोबत’ म्हणजे खरोखरच गप्पागोष्टी, फिरायला नेणे, लक्ष ठेवणे. अंघोळ, कपडे, भरवणे यांचा वाटा एकूण वेळेच्या २० टक्क्यांपलीकडे गेला की ती सोबत उरत नाही. शिवाय व्यावसायिक संस्थांना हा अपवाद मुळीच वापरता येणार नाही. न्यायालयीन झगड्यानंतर २०१५ मध्ये हा बदल अमलात आला. जुलै २०२५ मध्ये त्याच खात्याने १९७५ च्या व्याख्येकडे परत जाण्याचा प्रस्ताव मांडला. पन्नास वर्षांनंतरही भांडण त्या एका शब्दाशीच आहे.

आता आपल्याकडे वळू. आपले शब्द अधिक उदात्त आहेत, म्हणून अधिक सावधपणे तपासावे लागतात. ‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. त्यातून आज्ञापालन, मग सेवा, मग रुग्णाची देखभाल असा त्याचा प्रवास झाला. ‘सेवा’ म्हटले की आपल्याला विटेवर देव उभा करून आईवडिलांचे पाय चेपणारा पुंडलिक आठवतो. परंतु पुंडलिकाच्या सेवेला मोबदला नव्हता, कारण तो मुलगा होता. ज्या घरातला मुलगा आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आहे, त्या पुण्यामुंबईच्या घरात ब्युरोकडून आलेली ‘बारा तासांची बाई’ त्याच्या जागी बसते. तिच्याबद्दल कौतुकाने म्हटले जाते, ‘ती आम्हांला अगदी घरच्यासारखी आहे.’ या वाक्यात खोटे काहीच नाही. पण सुट्टीचा, पगारवाढीचा, रात्रीच्या जागरणाचा विषय निघाला की हेच वाक्य तिच्या तोंडावर हात ठेवते. घरचे माणूस का पैसे मागते?

आपले कायदेही शब्दांनी बोलतात. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या अधिनियमात ‘चरितार्थ’ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय उपचार. त्या व्याख्येत घास आहे, घास भरवणारा हात नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याचा भर नोंदणीवर व कल्याणकारी मदतीवर आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या अधिनियमाने मात्र काळजीवाहकाची व्याख्या करताना ‘मोबदला घेऊन वा न घेता’ काळजी घेणारी व्यक्ती, मग ती आईबाप का असेना, असे म्हटले. आई आणि पगारी बाई प्रथमच एका ओळीत आल्या. ही ओळ लहान आहे, पण महत्त्वाची आहे.

‘सोबत’ हा शब्द कायद्यातून हद्दपार करावा, असे आमचे म्हणणे नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाला स्नानाइतकीच सोबतीचीही भूक असते आणि उत्तम काळजीवाहक ती भागवते. १९७४ च्या कायद्याने सोबत पाहिली, हे चुकले नाही. सोबत आहे म्हणून श्रम नाहीत, असे त्याने मानले, हे चुकले. जिव्हाळा आणि मजुरी एकाच हातातून येऊ शकतात, हे मान्य करणारा शब्द अजून घडायचा आहे. इंग्रजीतही, मराठीतही.