पायाला बांधलेली चिठ्ठी

मुलांना वस्तू गोळा करण्याचा भारी नाद असतो. काडेपेटीचे छाप, पोस्टाची तिकिटे, शिंपले, पिसे, बिया, गुळगुळीत दगड... वर्गात सहज विचारून पाहा, पाच-दहा हात तरी वर होतील. घरातली मोठी माणसे एकतर 'कचरा जमवतोय' म्हणून रागावतात, नाहीतर 'चांगला छंद आहे, ज्ञान वाढतं' म्हणून कौतुक करतात. पण छंदाने ज्ञान वाढते म्हणजे नक्की काय होते? डब्यात नव्याण्णव शिंपले असताना शंभरावा पडला, तर ज्ञानात कशाची भर पडली?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका जुन्या छंदाचा इतिहास पाहू. हा छंद आहे पक्षी जमवण्याचा. त्यातली एक विलक्षण गोष्ट आपल्या खानदेशात घडलेली आहे.

बंदूक, कापूस आणि दोरा

एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांचा छंद म्हणजे पक्षी मारून त्यांचा संग्रह करणे. आज हे ऐकून अंगावर काटा येतो. पण तेव्हा हाती चांगल्या दुर्बिणी नव्हत्या, चित्रांची पुस्तके नव्हती. झाडाच्या शेंड्यावर बसलेला पक्षी नेमका कोणता, हे ठरवायचे तर तो हातात घ्यावा लागे. मग कातडे अलगद सोलायचे, आत कापूस भरायचा, शिवायचे आणि पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर लिहायचे : कोठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी मिळवला.

भारतात आलेल्या अनेक इंग्रज अधिकाऱ्यांना हा नाद होता. दूरच्या जिल्ह्यात नेमणूक, सोबतीला आपल्या भाषेचे कोणी नाही, आणि भोवती मात्र नाव माहीत नसलेली पाखरे. अशा माणसाला छंद लागला नाही तरच नवल! पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे या छंदिष्टांचे मुकुटमणी. त्यांनी देशभरच्या हौशी मंडळींशी पत्रव्यवहार ठेवला, त्यांच्यासाठी पक्ष्यांवरचे एक नियतकालिकही चालवले. त्यांच्या संग्रहात कातडी, अंडी आणि घरटी मिळून ८०,००० हून अधिक नमुने जमले. पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा बेत होता. पण हस्तलिखिताचे कागद एका नोकराने रद्दीत विकून टाकले! खचलेल्या ह्यूमनी सारा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

हा छंद केवळ इंग्रजांचा होता असेही नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ हौशी माणसे एकत्र आली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. हेतू साधा होता. महिन्यातून एकदा भेटायचे, नोंदींची देवाणघेवाण करायची, मिळालेले नमुने एकमेकांना दाखवायचे. या आठांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय डॉक्टर होते.

हरवलेला रानपिंगळा

आता मूळ गोष्टीकडे येऊ. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगडच्या भागात एक छोटे घुबड मिळाले. आपल्या ओळखीच्या पिंगळ्याएवढेच, पण डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी नसलेले. पुढच्याच वर्षी ह्यूमनी त्याचे वर्णन छापले आणि ब्लेविटच्या नावावरून त्याला शास्त्रीय नाव दिले. हाच आपला रानपिंगळा. पुढे खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या पक्ष्यांच्या नादी लागलेल्या मुलकी अधिकाऱ्याला शहाद्याच्या आसपास आणखी काही रानपिंगळे मिळाले. त्यातला शेवटचा १८८४ मधला.

त्यानंतर हा पक्षी कोणालाच दिसेना. सलीम अलींसारख्या जाणकारांनी शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. एकच आधार होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, गुजरात, १९१४. म्हणजे १९१४ पर्यंत तरी तो जिवंत होता, आणि तापीकाठच्या मांडवीपाशी होता, असे सगळ्यांनी धरले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेला १९९० च्या दशकात या संग्रहाचा संशय आला. तिने तो नमुना बारकाईने तपासला, त्याचे क्ष-किरण फोटो काढले. तेव्हा दिसले की हा पक्षी एकदा उसवून पुन्हा भरलेला आहे. पण पहिल्या कारागिराच्या खुणा पूर्ण पुसल्या गेल्या नव्हत्या. प्रत्येक संग्राहकाची कातडे सोलण्याची, शिवण्याची एक ढब असते, जशी प्रत्येकाची अक्षराची असते. ही ढब डेव्हिडसनची होती! म्हणजे माइनर्ट्झहागेनने डेव्हिडसनचा पक्षी म्युझियममधून चोरला, त्याला नवे रूप दिले आणि पायाला खोटी चिठ्ठी बांधली. पुढे त्याच्या संग्रहातले असे आणखी कितीतरी नमुने खोटे निघाले.

या लबाडीने कोणाचे काय बिघडले? पक्षी खराच होता. खोटे होते ते चिठ्ठीवरचे चार शब्द. पण त्या चार शब्दांनी इतरांना चुकीच्या जागी शोधायला लावले. मांडवीची चिठ्ठी बाजूला सारल्यावर उरल्या त्या जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्या. त्या हाताशी धरून रासमुसेन आणि तिचे दोन सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट शोधाला निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात, उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! त्यानंतर तो मेळघाटात आणि तानसाच्या जंगलातही सापडला. तो अजूनही धोक्यात आहे, पण त्याला वाचवायचे तर कोठे लक्ष द्यायचे हे आता आपल्याला माहीत आहे.

डेव्हिडसनने चिठ्ठी लिहिली, तेव्हा शंभर वर्षांनी ती कोणाच्या उपयोगी पडेल याची त्याला काय कल्पना असणार? त्याने फक्त पाहिले ते जसेच्या तसे लिहिले.

अंड्यांच्या पेट्या

असेच एक उदाहरण इंग्लंडमधले. तेथे पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद एके काळी फार लोकप्रिय होता. अंड्याला भोक पाडून आतला बलक काढायचा आणि कवच कापसात ठेवायचे. या छंदाने पक्ष्यांचे नुकसानच केले आणि पुढे कायद्याने त्याला बंदी झाली. पण जुन्या पेट्या उरल्या.

१९६० च्या दशकात डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाला प्रश्न पडला की बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच का फुटतात? त्याने संग्रहांतल्या जुन्या-नव्या कवचांची मापे घेतली, वजने केली आणि ती तारखेनुसार मांडली. चित्र स्वच्छ होते. १९४७ च्या सुमाराला कवचे एकाएकी पातळ झाली होती. डीडीटीसारखी कीटकनाशके वापरात आली तो हाच काळ. त्याने हा निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. समजा, त्या कवचांवर तारीखच नसती, तर? मग ती नुसतीच सुंदर टरफले!

बंदुकीकडून वहीकडे

विसाव्या शतकात छंद बदलत गेला. अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन गट पाडून कोण जास्त पाखरे मारतो याची शर्यत लावत. १९०० च्या नाताळात फ्रँक चॅपमन यांनी सुचवले की मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २७ जणांनी मोजणी केली. ती प्रथा आजही चालू आहे.

आपल्याकडे १९३० मध्ये सलीम अली हाताला नोकरी नसताना अलिबागजवळ किहीमला राहत होते. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर दिवसचे दिवस नजर ठेवली. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी पुढचे घरटे बांधायला घेतो. हे सारे कळले ते केवळ बघण्यातून आणि टिपून ठेवण्यातून. आणि आता? २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो ३०,००० हून अधिक हौशी निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला होता. त्यातून ९४२ जातींचे मूल्यमापन झाले. पगारी शास्त्रज्ञ कितीही नेमले तरी एवढे डोळे कोठून आणणार?

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. शंभरावा शिंपला ज्ञानात भर घालतो, पण केव्हा? तो कोठे आणि कधी मिळाला हे लिहिलेले असेल तेव्हा.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना हात लावायचा नाही. १९७२ च्या कायद्याने ते निषिद्ध आहे, हे मुलांना आधी सांगावे. मग एक वही ठेवावी. शाळेच्या आवारातली पहिली कोकिळेची कुहू, पळसाचे पहिले फूल, पहिला काजवा यांची नोंद त्यात करायची. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा आणि पाहणाऱ्याचे नाव. ओळख पटली नसेल तर 'नक्की ठाऊक नाही' असेच लिहायचे, अंदाजाने नाव ठोकून द्यायचे नाही. एखाद्याने वर्गात भाव खाण्यासाठी न पाहिलेला पक्षी लिहिला, तर त्याला शिक्षा करण्याऐवजी मांडवीच्या चिठ्ठीची गोष्ट सांगावी.

वर्ष संपले की वही फेकू नये. पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. दहा वर्षांच्या दहा वह्या एका कपाटात जमल्या, तर पळस आता लवकर फुलतो का, या प्रश्नाचे उत्तर गावात फक्त तुमच्या शाळेकडे असेल.