कोरडी दारू आणि चुकलेला बार

इंदूरकडून उज्जैनीस येणारा प्रवासी आज शहराच्या दक्षिण अंगाला नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरतो, तेव्हा याच आसमंतात जुलै 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा विध्वंस केला होता, ही गोष्ट त्याच्या मनात सहसा येत नाही. शिंद्यांच्या त्या राजधानीच्या रक्षणास जॉर्ज हेसिंग हा डच वंशाचा सरदार होता आणि त्याच्या पलटणी चकमकीच्या बंदुकांनी सज्ज होत्या. त्यांच्या पराभवाचे खापर दारूगोळ्यावर फोडणे अन्यायाचे होईल. शिंद्यांची फौज तुकड्यातुकड्यांनी विखुरली होती आणि यशवंतरावांनी एकेका तुकडीस गाठून झोडपले, हेच त्याचे खरे कारण. परंतु मराठ्यांच्या युद्धविद्येविषयी लिहिताना तोफ कोणी ओतली, गोलंदाज कोण होता, याचा जेवढा ऊहापोह होतो, त्याच्या शतांशानेही दारू कोठे ठेवली होती, किती दिवसांची होती, याचा होत नाही, आणि ही उपेक्षा मला इतिहासकारांचा मोठा दोष वाटतो.

आपल्या पूर्वजांनी मात्र ही उपेक्षा केली नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरणी दारूखान्याची जी तजवीज सांगितली आहे, ती वाचताना लिहिणाऱ्याने किल्ल्यावरचा पावसाळा स्वतः भोगला असला पाहिजे, याविषयी शंका राहत नाही. दारूखाना वस्तीजवळ नसावा, सदरेपासून अंतरावर असावा, त्याच्याभोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. तळघर करून त्यात गच करावा, गचावर माच घालावा आणि दारूची मडकी माचावर ठेवावी. बाण आणि होके (हातगोळे) मधल्या घरात ठेवावे. सरदी कोठूनही लागू देऊ नये. आणि एवढ्यावर न थांबता, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन सारा माल बाहेर काढावा, त्यास उन्ह द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावा, अशी ताकीद आहे. गडाच्या मुख्य अधिकाऱ्याने हे काम हाताखालच्यांवर न सोपविता स्वतः करावे, यातच त्याचे महत्त्व अमात्यांनी किती मानले होते ते दिसते.

याचे कारण सोऱ्यात आहे. बंदुकीच्या दारूत सुमारे तीन-चतुर्थांश सोरा, उरलेल्यात कोळसा आणि गंधक. शुद्ध सोरा हवेतील ओल फारशी ओढत नाही. परंतु जुन्या भिंतींच्या आणि उकिरड्यांच्या मातीतून काढलेल्या सोऱ्यात साधे मीठ आणि इतर क्षार राहून जातात, आणि ते क्षार आषाढाच्या हवेतील ओल आधाशासारखी शोषून घेतात. अशी दारू एकदा भिजली म्हणजे केवळ वाळवून पूर्ववत होत नाही. वाळताना विरघळलेला सोरा पृष्ठभागी येतो, त्याचे पांढरे स्फटिक दाण्यांवर दिसू लागतात, आणि ज्या तीन द्रव्यांचा निकट संयोग हेच दारूचे सर्वस्व, ती परस्परांपासून विलग होतात. अशी दारू पुन्हा कुटून, दाणे पाडून घ्यावी लागे, अन्यथा ती फुसफुसत जळे.

रणांगणावर याचा परिणाम शिपायाच्या हातात दिसे. तो काडतुसाचा कागद दातांनी फाडी, चिमूटभर दारू रंजकेच्या पेल्यात घाली, उरलेली नळीत ओतून गोळी आणि कागद गजाने ठासी आणि चाप ओढी. वीस-तीस बारांत गारगोटी बोथट होई. प्रत्येक बाराबरोबर काजळी साठून काना, म्हणजे रंजकेची आग नळीत नेणारे भोक, बुजे, आणि तो सळईने मोकळा करावा लागे. तसे केले नाही किंवा आतली दारू ओलसर असली तर रंजक भडके, परंतु आतला बार सुटत नसे. गोंगाटात, धुरात, शेजारच्या शंभर बंदुकांच्या आवाजात शिपायास आपला बार सुटला असेच वाटे आणि तो त्यावर दुसरा बार ठासी. पुढे एकदा काना मोकळा झाला की नळीच फुटण्याचा धोका. ठासणीच्या बंदुकीचा हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धात 1863 साली गेटिसबर्गच्या रणभूमीवरून गोळा केलेल्या हजारो बंदुकांत दोन-दोन, तीन-तीन बार तसेच ठासलेले आढळले.

त्यात एतद्देशीय दरबारांकडे टोपीकरांनी मोडीत काढलेल्या बंदुका येत असत. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीची नळी सुमारे पाऊण इंचाची आणि काजळीतूनही गोळी खाली सरकावी म्हणून गोळी मुद्दाम थोडी लहान. निरनिराळ्या मापांच्या जुन्या नळ्या एकाच पलटणीत शिरल्या की एका बंदुकीची गोळी दुसरीत अडके आणि तिसरीत खुळखुळे. महादजी शिंद्यांच्या पदरी 1784 मध्ये आलेल्या सॅव्हॉयच्या बेन्वा द बॉयनने यावरचा इलाज ओळखला होता. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखाली त्याने तोफा आणि बंदुका घडविण्याचा कारखाना चालविला, आणि एका मापाची बंदूक, एका मापाची गोळी हा शिरस्ता बसविला. पाटण आणि मेडता येथे 1790 मध्ये मिळालेल्या विजयांत कवायतीइतकाच या शिरस्त्याचाही वाटा होता, असे माझे मत आहे.

पुढे दारू, गोळी आणि ठिणगी ही तिन्ही पितळी काडतुसात बंद झाली आणि खडकीस 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ओलीचे भय उणावले. पण अर्धस्वयंचलित बंदूक येताच काडतुसावरचा भार उलट वाढला. आपल्या सैन्याच्या पूर्वीच्या ईशापूरच्या 7.62 मिलिमीटर बंदुकीत नळीतून घेतलेला थोडा वायू दट्ट्यास मागे रेटतो आणि त्या जोरावरच रिकामे टरफल बाहेर पडून नवे काडतूस आत जाते. काडतूस शिळे होऊन वायूचा जोर घटला, की टरफल अर्धवट अडकते. म्हणून तीत वायूचा नियामक ठेवलेला असतो. तो थोडा आवळला म्हणजे दट्ट्याकडे अधिक वायू जातो. परंतु आवाज दबका आला तर नियामकाला हात लावण्यापूर्वी बंदूक रिकामी करून नळीत गोळी अडकली नाही ना, हे पाहणे अनिवार्य. कारण अडकलेल्या गोळीवर दुसरा बार सोडणे म्हणजे गेटिसबर्गच्या शिपायाचीच चूक करणे होय. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या 1964च्या कारखान्यातून निघणारी काडतुसे तुकडीवार क्रमांकांनी नोंदली जातात. कोठारातल्या प्रत्येक तुकडीतून नमुने काढून ते झाडून पाहणे आणि नमुना खोटा ठरला तर ती सबंध तुकडी बाद करणे, हे काम हवालदाराच्या त्या पंधरवड्याच्या उन्हाहून तत्त्वतः निराळे नाही.