खजाना बावडीचा धडा

पाणी ही अल्लाहची अमानत आहे. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही ते वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या शिकवणीचे एक दगडी प्रमाण आपल्या बीडजवळच उभे आहे.

शहराच्या दक्षिणेस खजाना बावडी आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत बीडचे जहागीरदार सलाबतखान यांनी ती बांधविली. आखणी राजा भास्कर या स्थापत्यकाराची. जहागिरीचा खजिना या कामी खर्ची पडला म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. दोन भुयारांतून पाणी बावडीत येते व तिसऱ्यातून शेतांकडे जाते. त्यासाठी मोट लागत नाही की पंप लागत नाही. जमिनीचा उतार देईल तेवढेच पाणी घ्यायचे. या संयमामुळेच ती शतकानुशतके टिकली.

पुढे विंधनविहिरी आल्या आणि उपशाला मर्यादा राहिली नाही. 2016 च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. अनेक मुलेही सोबत जातात आणि वर्गातील त्यांच्या जागा रिकाम्या पडतात. म्हणून पाण्याचा प्रश्न हा आपल्या शिक्षणाचाही प्रश्न आहे.

उपाय मात्र उपलब्ध आहेत. 1972 साली, मोठ्या दुष्काळाच्याच वर्षी, परभणीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील कोरडवाहू शेती संशोधकांनी विहीर पुनर्भरणाची पद्धत विकसित केली. शेतातून वाहणारे पावसाचे पाणी दगड, खडी व वाळूच्या थरांतून गाळून विहिरीत सोडायचे, एवढीच ती युक्ती. 2016 मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातील तीन तालुके निवडले गेले; त्यांत आपला अंबाजोगाई होता. तेथील गावकऱ्यांनी भर उन्हाळ्यात श्रमदानाने चर खोदले, बांध घातले.

पालकांना विनंती आहे की, घराच्या छताचे पाणी गाळून विहिरीत किंवा विंधनविहिरीत सोडावे. मशिदीतील वजूचे पाणी शोषखड्ड्यात किंवा झाडांना द्यावे. विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतील विहिरींची पातळी दरमहा मोजून वहीत नोंदवावी. सलाबतखानाने खजिना रिता करून पाणी जमविले. आपल्याला थोडे श्रम आणि थोडी शिस्त एवढेच द्यायचे आहे.