केबल पंचायतीपर्यंत आली, पुढे काय?

सरकारी कचेऱ्या आणि शाळा जोडणाऱ्या राज्यव्यापी जाळ्यांचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांत सांगितला जातो. आज आपण एक साधा प्रश्न विचारू. प्रत्येक टप्प्यावर जाळं कुठपर्यंत गेलं, आणि कुठे थांबलं?

1986 साली अर्नेट सुरू झालं, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने. सुरुवातीच्या संस्थांत मुंबईच्या दोन होत्या, आयआयटी आणि एनसीएसटी. म्हणजे शिक्षणाचं जाळं वरून सुरू झालं. त्याच दशकात एनआयसीने निकनेट उभारलं. जिल्हा मुख्यालयांत उपग्रहाच्या तबकड्या बसल्या; जिल्ह्याची माहिती राजधानीला पोहोचवायची, हा त्यामागचा मोठा हेतू. बघा, सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995ला. सरकार त्याच्या आधीच जोडलेलं होतं.

2005 मध्ये केंद्राने ‘स्वान’ योजना मंजूर केली, 3,334 कोटींची. राज्याची राजधानी, जिल्हा, तालुका अशी उतरंड आणि किमान वेग 2 एमबीपीएस. आज हा वेग ऐकून हसू येईल, पण तहसील कचेरीला तेव्हा तो मोठा होता. आराखडा मात्र कचेऱ्यांचाच होता.

ऑक्टोबर 2011 मध्ये त्याच्याही खाली उतरायचं ठरलं. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची. हेच पुढे भारतनेट झालं. 2017 अखेर एक लाखावर पंचायती जोडल्या गेल्या. महाराष्ट्रात पुढच्या टप्प्याचं काम महानेट नावाने राज्याने हाती घेतलं. पण मूळ कल्पना अशी, की केबल पंचायतीपर्यंत सरकार आणेल. तिथून घर, शाळा, दवाखाना दुसरं कोणीतरी जोडेल. हे ‘दुसरं कोणीतरी’ अनेक गावांत आलंच नाही. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाइलच्या सिग्नलसाठी पोरं टेकड्या चढत होती.

केरळने हा शेवटचा तुकडाही आपल्या हिशेबात धरला. 5 जून 2023 रोजी के-फोनचं उद्घाटन झालं. उद्दिष्ट होतं सुमारे 30,000 सरकारी कार्यालयं आणि संस्था, त्यात शाळाही, आणि 20 लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी. केबल बरीचशी वीज मंडळाच्या खांबांवरून नेली. खांब आधीच गावोगाव उभे होते, त्यामुळे सगळीकडे रस्ते खणायची गरज उरली नाही. कामाला उशीर झाला, खर्चावर टीका झाली, तीही रास्त आहे. पण शाळेच्या दारापर्यंतची जबाबदारी कोणाची, हे तिथे ठरलेलं होतं.

या चाळीस वर्षांतून आम्ही एवढंच घेतो. जाळं नकाशावर आलं म्हणजे शाळा जोडली गेली, असं होत नाही. पंचायतीतून वर्गापर्यंतची वायर, राउटरला लागणारी वीज, दरमहाचं बिल आणि केबल तुटली तर येणारा माणूस, या चार गोष्टी कोणाच्या तरी नावावर लागतात. आपल्या गावच्या शाळेत त्या कोणाच्या नावावर आहेत, हे ग्रामसभेत जरूर विचारा.