पाणवठ्याचा मुक्काम

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबस शहरी राहतो. मध्यंतरी एका रविवारी त्याचा फोन आला. ‘मामू, आम्ही आरव्ही घेतली,’ तो म्हणाला. मी आपला म्हटले, मुबारक हो, चित्र स्वच्छ दिसते ना? तो बराच वेळ हसत राहिला. मग त्याने समजावून सांगितले. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायला पलंग, छोटी शेगडी, मोरी, संडास, पाण्याच्या टाक्या. गाडी घेऊन निघायचे, एखाद्या तळावर लावायची, विजेची तार आणि पाण्याची नळी जोडायची की संसार सुरू.

पहिली सहल ठरायची होती आणि घरात दोन पक्ष पडले होते. मुलाला हवी होती अगदी नदीकाठची जागा. दाराबाहेर दहा पावलांवर पाणी, गळ टाकून बसता येईल अशी. सुनेचे म्हणणे, घरापासून अर्ध्या तासावर अ‍ॅलम क्रीक नावाचा तलाव आहे, त्याच्या काठच्या तळावर जावे आणि जागा जरा चढावरची घ्यावी. ‘मामू, तुम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता. तुम्हीच सांगा,’ भाचा म्हणाला. तंबू ठोकण्याचा माझा अनुभव लग्नाच्या मांडवापलीकडे गेलेला नाही. पण इतिहासाचे नाव काढले की आमच्यासारख्या माणसाला गप्प बसवत नाही. आठवडाभर वाचले, आणि त्याला जे सांगितले तेच आज आपल्यासमोर मांडतो आहे.

मुक्काम, मजल, डेरा, राहुटी, कनात, छावणी. आपल्या मराठीत प्रवासाचे किती शब्द आहेत पाहा. यांतले पुष्कळसे अरबी-फारसीतून आले आणि असे मुरले की पत्रावर ‘मु. पो.’ लिहिताना तो ‘मु.’ कुठून आला हे कोणाच्या मनातही येत नाही. हे शब्द मुख्यतः लष्करी तळांबरोबर फिरले. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त अकबराच्या छावणीचे वर्णन आहे. बादशाही डेऱ्यांचा एक संच वाहून न्यायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० भोई लागत. असे दोन संच असत. एकात बादशहा मुक्कामाला असे, तेव्हा दुसरा पुढच्या मजलेवर उभा राहत असे. आणि पुढची जागा निवडायला स्वतंत्र अधिकारी होता, त्याला ‘मीर मंझिल’ म्हणत. पाणी, चारा, सपाट जमीन पाहणे हे त्याचे काम. भाच्याला मी म्हटले, बेटा, आजपासून तुझ्या घरचा मीर मंझिल तू. काम वाटते तितके सोपे नाही.

आता चाकांवरचे घर. हौसेसाठी असे घर बांधून घेणाऱ्यांत पहिले मोठे नाव इंग्लंडातल्या डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचे. हे आरमारातले निवृत्त डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची गाडी करून घेतली. ती दोन घोडे ओढत. गाडी एवढी अवजड की रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करायला एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे धावे. अशा गाडीने ते स्कॉटलंडमधील इनव्हर्नेसपर्यंत गेले. आरमारातला माणूस, म्हणून गाडीचे वर्णन करताना ते तिला जमिनीवरची नौका म्हणत.

अमेरिकेत घोड्यांची जागा मोटारीने घेतली. १९१० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने झोपायची सोय असलेली मोटार मांडली. ती श्रीमंतांची चीज होती. सामान्य माणसाला घराबाहेर काढले ते फोर्डच्या स्वस्त मोटारीने. स्वतः हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज अशी मंडळी त्या काळात उन्हाळ्यात मोटारी घेऊन रानात मुक्कामाला जात. नाव घेतले होते ‘भटके’, पण बरोबर स्वयंपाकाची गाडी, आचारी आणि तंबूत एडिसनचे विजेचे दिवे! १९२१ साली मेरिलंडमधल्या त्यांच्या तळावर खुद्द अध्यक्ष हार्डिंग येऊन राहिले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली आणि देशभर लोकांना वाटू लागले, आपणही जावे.

लोक निघाले, पण राहणार कुठे? सुरुवातीला दिसेल त्या ओढ्याकाठी, शेतकऱ्याच्या बांधावर, शाळेच्या आवारात मोटारी थांबू लागल्या. ओढ्यातच धुणी, ओढ्यातच भांडी. शेतकरी वैतागले, गावांना रोगराईची धास्ती पडली. मग नगरपालिकांनी स्वतःच तळ बांधले. डेन्व्हर शहराने साउथ प्लॅट नदीच्या काठी ‘ओव्हरलँड पार्क’ नावाचा प्रचंड तळ उभारला, सुमारे १६० एकरांचा. फ्लॉरिडात टॅम्पा येथे पाण्याकाठच्या डी सोटो पार्कात १९१९ साली अशा प्रवाशांनी आपली संघटनाच काढली. नाव ‘टिन कॅन टुरिस्ट्स’. ओळख म्हणून मोटारीच्या रेडिएटरवर पत्र्याचा रिकामा डबा लावायचा. डब्यातले खाऊन डब्यासारख्या गाडीत राहणारे म्हणून लोक त्यांना हसत. यांनी ते हसणेच नाव म्हणून स्वीकारले. ही गोष्ट मला फार आवडली.

पण त्या तळांचे दार सगळ्यांना सारखे उघडे नव्हते. कृष्णवर्णीय कुटुंबाने नवीन मोटार घेतली तरी रात्री कुठे थांबायचे हा प्रश्न सुटत नसे. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या हार्लेममधल्या टपालवाल्याने १९३६ सालापासून ‘ग्रीन बुक’ काढले, ते याचसाठी. कोणत्या गावात आपल्याला खोली, जेवण, पेट्रोल मिळेल याची ती यादी होती. व्हर्जिनियातल्या शेनांडोह राष्ट्रीय उद्यानात ‘लुईस माउंटन’ हा तळ १९३९ साली केवळ कृष्णवर्णीयांसाठी वेगळा उघडला गेला. वेगळेपण पूर्ण संपायला १९५० साल उजाडावे लागले. हे वाचताना मला माझी एक रात्र आठवली. एका गावी कविसंमेलनाला गेलो होतो. लॉजवाल्याने वही उघडली, नाव विचारले, मी सांगितले आणि वही मिटली. ‘जागा नाही.’ दहा मिनिटांनी माझ्या कवीमित्राने त्याचे नाव सांगितले आणि दोघांना खोली मिळाली. त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत कविता म्हणत बसलो, पण मिटलेली वही काही डोळ्यांपुढून हलली नाही. मुक्कामाची जागा निवडणे म्हणजे आधी निवडण्याचा हक्क असणे. भाच्याला आज तो आहे, हे मी त्याला मुद्दाम सांगितले.

तळाची आजची आखणी कशी आली तेही रंजक आहे. मायनेके नावाचे एक वनस्पतिरोगतज्ज्ञ कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या प्रचंड झाडांचा अभ्यास करत होते. लोक झाडाखाली मोटारी लावतात, माती दबते आणि मुळे गुदमरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९३२ साली त्यांनी उपाय सुचवला. तळातून एकाच दिशेने जाणारा वळसेदार रस्ता काढावा, त्याला फांद्यांसारख्या छोट्या जागा जोडाव्यात, प्रत्येक जागी गाडी, टेबल आणि चूल कुठे असावी हे ठरवून टाकावे. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी ठिकठिकाणी असे तळ बांधले. पुढे १९६२ साली सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेली कुटुंबे मोंटानातल्या बिलिंग्ज गावावरून जाताना डेव्ह ड्रम यांनी पाहिली. यलोस्टोन नदीकाठच्या आपल्या जमिनीवर त्यांनी गरम पाण्याची न्हाणी, संडास आणि छोटे दुकान अशी सोय केली. एका रात्रीचे भाडे पावणेदोन डॉलर. त्यातूनच ‘केओए’ ही तळांची मोठी साखळी उभी राहिली. तिचा पहिला तळही नदीकाठचाच, हे ध्यानात घ्या.

माणसाला पाणी ओढते. तहान, आंघोळ, जनावरे, गारवा, आणि नुसते पाहत बसणे. पण नदीकाठची सपाट जमीन सपाट का असते? नदीनेच ती पुराच्या गाळाने सारवलेली असते, म्हणून. ज्या गुणामुळे आपण ती जागा निवडतो, तो गुण पुराने दिलेला असतो.

आपल्याकडचाच दाखला घ्या. १७०० साली औरंगजेबाची छावणी माण नदीच्या काठी खवासपूरला पडली होती. काही डेरे तर कोरड्या पात्रातच होते. ऑक्टोबरच्या आरंभी वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि मध्यरात्री लोंढा आला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. गलबला ऐकून मराठ्यांनी छापा घातला असे वाटले आणि अंधारात उठताना खुद्द बादशहाचा गुडघा निखळला. तो पुढे कायमचा लंगडत राहिला. ज्यांच्या घरात मुक्कामाची जागा निवडण्याचे शास्त्र पिढ्यान्पिढ्या होते, त्यांची ही गत. माण नदी वर्षातले कितीतरी दिवस कोरडी असते, तिची भीती कोणाला वाटणार?

अगदी हाच प्रकार पुन्हा पुन्हा घडला आहे. ३१ जुलै १९७६ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी कोलोरॅडो राज्याला १०० वर्षे पूर्ण होणार, म्हणून बिग थॉम्पसन नदीच्या दरीत सुट्टीसाठी आलेल्यांची गर्दी. वरच्या भागात काही तासांत वर्षभराचा वाटावा एवढा पाऊस कोसळला आणि १४४ माणसे गेली. गाडीत बसून दरीतून निसटू पाहणारे कितीतरी जण बुडाले, गाडी सोडून डोंगर चढणारे वाचले. म्हणून आज तिथल्या रस्त्यावर पाट्या आहेत: पूर आला तर वर चढा. स्पेनमध्ये बिएस्कास येथे ७ ऑगस्ट १९९६ रोजी ओढ्याच्या तोंडाशी वसवलेल्या तळावर लोंढा आला, ८७ जण मेले. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात अल्बर्ट पाइक तळावर ११ जून २०१० च्या पहाटे झोपेतच २० जण गेले. त्या दरीत मोबाइलही लागत नव्हता. आणि ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली. एकट्या केर काउंटीत शंभराहून अधिक बळी गेले. त्यात मुलींच्या शिबिरातल्या लहान मुली होत्या, चाकांवरच्या घरांत झोपलेली कुटुंबे होती.

या सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या आहेत. पाऊस दुसरीकडे पडतो, पाणी आपल्याकडे येते. बहुतेक वेळा ते अंधारात येते. आणि चाके असली तरी घर त्या क्षणी पळू शकत नाही, कारण तार, नळी जोडलेली असते, टेकू लावलेले असतात आणि बाहेर जायचा रस्ता पुष्कळदा नदीच्या कडेनेच जातो.

म्हणून भाच्याला म्हटले, सूनबाईचे ऐक. अ‍ॅलम क्रीक हा १९७०च्या दशकात सैन्याच्या अभियंत्यांनी बांधलेल्या धरणाचा तलाव आहे. पूर अडवणे हा त्या धरणाचा एक हेतू. ज्या पाण्याची भीती होती, ते अडवून त्याच्या काठी लोकांना बसायला जागा केली. धरणाच्या तलावाचे पाणीही चढते, पण एका रात्रीत दरीतून कोसळत येत नाही. शिवाय पहिली सहल जवळचीच बरी. काही विसरले तर अर्ध्या तासात घर गाठता येते. उजेडी पोचायचे. जागेवर गेल्यावर आधी पाण्याकडे न बघता मागे बघायचे, चढाची वाट कुठे आहे ती मुलांना पायी चालून दाखवायची. हवामानाचा इशारा देणारा रेडिओ उशाशी ठेवायचा. नळी लावायच्या आधी कोणती टाकी स्वच्छ पाण्याची, कोणती सांडपाण्याची आणि कोणती मैल्याची हे पक्के करायचे. ओढ्यात काहीही सोडायचे नाही, कारण खाली कोणीतरी पाणी भरत असते.

मुलगा दोन दिवस रुसला होता. पण ते तलावावर गेले. दिवस मावळायच्या आत पोचले, जागा चढावरची घेतली. पाण्याची नळी घरीच राहिली होती, ती आणायला भाचा परत गेला आणि तासाभरात आला. मुलाने तलावात गळ टाकला, मासा काही लागला नाही. रात्री थोडा पाऊस झाला. भाचा दोनदा उठून बाहेर बघून आला आणि पुन्हा झोपला.

सोमवारी त्याचा फोन आला. मी विचारले, काय झाले? तो म्हणाला, ‘मामू, काहीच झालं नाही.’

मी बायकोला हाक मारून सांगितले, चहा कर. मुले सुखरूप घरी पोचली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)