‘स्वभाव नडला’ हा निकाल कोण देतो?

‘पोरगा गुणी होता, पण स्वभावाने घात केला.’ विनोद कांबळीचे नाव निघाले की हे वाक्य ठरलेले. ते अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण चौकशी न करता दिलेला निकाल आपण आंबेडकरवाद्यांनी मान्य का करावा?

आधी आकडे पाहू. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्यात सचिन तेंडुलकरच्या ३२६ होत्या, कांबळीच्या ३४९. पुढे १९९३ मध्ये कांबळीने वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७ आणि श्रीलंकेत १२५ व १२० अशा खेळ्या केल्या. त्याच्या १००० कसोटी धावा अवघ्या १४ डावांत झाल्या. एकूण कसोटी १७, सरासरी ५४.२०. नोव्हेंबर १९९५ मध्ये तो शेवटची कसोटी खेळला तेव्हा त्याचे वय होते २३.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वेस्ट इंडीजच्या उसळत्या चेंडूंपुढे त्याच्या धावा आटल्या. शिस्तीच्या तक्रारी झाल्या. एकदिवसीय संघात त्याला २००० पर्यंत पुन्हा पुन्हा संधी मिळाली. हे लपवून केलेला युक्तिवाद टिकत नाही.

मग प्रश्न कुठे उरतो? १९९६ मध्ये नवज्योत सिद्धू कर्णधाराशी बिनसल्यावर इंग्लंडचा दौरा अर्धवट सोडून घरी आला. तो कसोटी संघात परतला आणि १९९७ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये त्याने २०१ धावा काढल्या. त्याला परत घेतले ते योग्यच झाले. दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही; पण तापट स्वभावानंतरही कसोटीचे दार उघडता येते, एवढे यातून नक्की दिसते.

कांबळीच्या जातीवर बरेच लिहिले गेले आहे. आमचा मुद्दा त्यावर उभा नाही. कांजूरमार्गच्या चाळीतला, मेकॅनिक बापाचा पोरगा एकविसाव्या वर्षी देशाचा लाडका होतो. पैसा, प्रसिद्धी आणि अपयश पेलायला त्याला शिकवायचे कोणी? ज्यांच्या घरात हे भांडवल पिढीजात असते, त्यांचा ‘संयम’ आपल्याला उपजत वाटतो. समाजशास्त्र त्याला घडण म्हणते.

आता उलटे उदाहरण घ्या. पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला हा फिरकी गोलंदाज शांत, शिस्तीचा, कामाशी काम ठेवणारा. पुण्यात त्यांना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये, आणि तेही भांडून. बाळूंच्या स्वभावात खोट काढायला जागाच नव्हती. मग अडले कशावर? शांत माणसाला जात आडवी येते आणि तापट माणसाला स्वभाव, असा हा दुहेरी हिशोब आहे.

हा हिशोब फक्त आपल्याकडचा नाही. सेनेगलमध्ये जन्मलेला बॉक्सर बॅटलिंग सिकी याने सप्टेंबर १९२२ मध्ये पॅरिसमध्ये जॉर्ज कार्पांतिए याला सहाव्या फेरीत लोळवले आणि तो जगज्जेता झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या या सैनिकाला वृत्तपत्रांनी ‘जंगलातला’ ठरवले. त्याचे पिणे आणि रस्त्यावरची भांडणे खरी होती. पण छापून आली ती फक्त तेवढीच. त्याचा ठोसा मागे पडला. डिसेंबर १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्याचा गोळ्या घालून खून झाला.

पाटोद्याच्या पोरांसाठी हा इतिहास का महत्त्वाचा? आपल्याच पाटोद्याच्या राहुल आवारेची २०१६ च्या ऑलिम्पिकची संधी हुकली. २०१८ मध्ये त्याने राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकले. जिद्द त्याची होतीच, पण पाठीशी कुस्तीचे घर, तालीम आणि हरिश्चंद्र बिराजदार, काका पवार यांच्यासारखे वस्तादही होते. पडल्यावर उचलणारे हात होते.

दिवाळीच्या आसपास आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर निघाले की वस्तीतल्या पोराला कोणाचे हात असतात? ते चिडते, सराव बुडवते, मग शिक्षक म्हणतात, ‘याचा स्वभावच तसला.’ बाबासाहेबांनी ‘शिका, संघटित व्हा’ म्हटले, त्यातला दुसरा शब्द खेळालाही लागू आहे. विहारात जयंतीचा मंडप जसा उभा राहतो, तसे हंगामात मागे राहिलेल्या पोरांसाठी जेवण, बूट आणि रोज विचारपूस करणारा एक जाणता माणूस उभा राहिला पाहिजे. पोराला शिस्त लावूच. पण शिस्त मागण्याआधी आधार देणे ही आपली जबाबदारी आहे. ती आपण घेतली नाही, तर उद्या त्याच्याबद्दल ‘स्वभाव नडला’ म्हणणाऱ्यांत आपणही असू.

जय भीम.